०७१२ चा जुना लँडलाइन नंबर डीएनएसमध्ये नोंदवता येतो का? ईनमबद्दल विचारायचं आहे

कळमना_अडत:

नमस्कार मंडळी. नागपूरला कळमन्याच्या फळबाजारात आमची संत्रा-मोसंबीची अडत आहे, वडिलांच्या काळापासून. गाळ्यावर ०७१२ चा एक लँडलाइन आहे. तो नंबर आमच्या प्रत्येक हिशेबपट्टीवर छापलेला आहे. काटोल, नरखेड, वरुडकडच्या कास्तकारांच्या डायऱ्यांत तोच आहे आणि दिल्लीकडच्या जुन्या व्यापाऱ्यांना आमचा दुसरा नंबर ठाऊकच नाही. मोबाइल बदलले, दिवाणजी बदलले, हा नंबर तसाच राहिला. तो मला कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही.

अडचण अशी की रस्त्याच्या खोदकामात तांब्याची लाइन सारखी तुटते. आंबिया बहाराचा माल उतरून राहिला असतो आणि नेमका तेव्हाच फोन बंद. फोन करणाऱ्याला मात्र रिंग ऐकू येते. त्याला वाटतं आम्हीच उचलत नाही, आणि तो माल दुसऱ्या गाळ्यावर नेतो.

गाळ्याशिवाय इतवारीत हिशेबाचं ऑफिस आहे आणि वरुडला पॅकिंगचं शेड. तिन्हीकडे ब्रॉडबँड आहे, तिन्हीकडे इंटरनेटवरून चालणारे आयपी फोन आहेत. पुतण्याने ॲस्टेरिस्क या फोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरचा छोटा सर्व्हरही बसवून दिला आहे. आता माझ्या वाचनात ईनम आलं, म्हणजे फोन नंबर डीएनएसमध्ये, इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेत, नोंदवायची पद्धत. फोन नंबर उलटा करायचा, त्याचं डोमेन नाव बनवायचं आणि त्या नावाखाली लिहायचं की या नंबरासाठी कॉल इथे पाठवा, ईमेल इथे, वेबसाइट ही. वाचून वाटलं, हे तर आपल्यासाठीच आहे.

दोन प्रश्न आहेत. नागपुरात ही नोंद कुठे करायची, अर्ज कुणाकडे? आणि नोंद झाली तर कास्तकाराने साध्या मोबाइलवरून ०७१२ लावल्यावर कॉल आपोआप इंटरनेटवरून वरुडच्या शेडला जाईल का?

परसोडी_नेटवर्क:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही जाणार. कास्तकाराचा कॉल कुठे पाठवायचा हे त्याची मोबाइल कंपनी ठरवते, आणि ती तुमची नोंद बघायला येणार नाही.

तुम्ही असं करा. ज्या कंपनीचा नंबर आहे तिच्याकडूनच तांब्याऐवजी फायबर घ्या. बहुतेक वेळा नंबर तोच ठेवून देतात, पण अर्ज करताना तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्या कंपनीकडे जायचा विचारही करू नका, कारण मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी आपल्याकडे लँडलाइनला नाही. लाइन बंद असताना कॉल मोबाइलवर वळवायची सोय कंपनीच्या बाजूने चालू करून घ्या, म्हणजे रिंग वाया जाणार नाही. आणि व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनच्या नंबरावरही चालतं. पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी कॉल निवडायचा, कोड बोलून सांगतात.

ईनमच्या मागे वेळ घालवू नका. जुनी गोष्ट आहे, कुणी वापरत नाही.

निवृत्त_ट्रंक:

फायबर, कॉल वळवणं आणि नंबर न सोडणं, हे परसोडीने सांगितलेलं तिन्ही बरोबर आहे. अडतवाले भाऊ, ते आधी करा. पण "कुणी वापरत नाही" हे मला मान्य नाही. सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

माझी सगळी नोकरी ट्रंक एक्सचेंजमध्ये गेली. एक्सचेंज नंबर डावीकडून वाचतं. आधी शून्य आला म्हणजे कॉल गावाबाहेरचा, मग ७, १, २ आले की नागपूर, मग त्यापुढचे आकडे कोणतं एक्सचेंज ते सांगतात. मोठा भाग आधी, बारीक भाग शेवटी. डोमेन नावात याच्या बरोबर उलट असतं. मोठा अधिकार उजव्या टोकाला, बारीक नाव डावीकडे. म्हणून ईनममध्ये नंबर उलटवतात आणि प्रत्येक आकड्यानंतर टिंब देतात. उगाच केलेली करामत नाही ती. त्यामुळे प्रत्येक टिंबापाशी खालचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवता येतो, जसा डीएनएसमध्ये सगळीकडे सोपवतात.

उदाहरणाला लंडनचा नंबर घेतो: +४४ २० ७९४६ ०१४८. त्या भागातले हजार नंबर तिथल्या नियामकाने सिनेमा-नाटकांत दाखवायला राखून ठेवले आहेत, त्यामुळे कुणाच्या घरी घंटी वाजणार नाही. त्याचं ईनम नाव होतं ८.४.१.०.६.४.९.७.०.२.४.४.ई१६४.आर्पा. ई.१६४ म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची नंबरांची शिफारस. देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे, असा तिचा नियम. शेवटचं ई१६४.आर्पा हे क्षेत्र ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था सांभाळते, आणि कोणत्या देशाचा कोड कुणाच्या हवाली करायचा यात दूरसंचार संघाची संमती लागते.

आता आपल्याकडे या. +९१ ७१२ उलटलं की २.१.७.१.९. सगळ्या नागपूर शहराचे लँडलाइन या एका फांदीखाली. काटोल ७११२, म्हणजे २.१.१.७.१.९. कामठी ७१०९, रामटेक ७११४, उमरेड ७११६. जिल्ह्याची ठिकाणं बघा: वर्धा ७१५२, भंडारा ७१८४, गोंदिया ७१८२, चंद्रपूर ७१७२, गडचिरोली ७१३२. नागपूर विभागातली सगळी ७१ खाली. अमरावती ७२१, अकोला ७२४, यवतमाळ ७२३२, वाशीम ७२५२, बुलढाणा ७२६२, हा अमरावती विभाग ७२ खाली, आणि तुमचं वरुड ७२२९ त्यातच. आमच्या लोकांनी एसटीडी कोड आखताना विदर्भाचा जो नकाशा डोळ्यांसमोर ठेवला होता, तो ईनमच्या झाडात जसाच्या तसा उतरतो. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडून बघताना फार आनंद झाला होता, आजही होतो.

या उलट्या नावाखाली ज्या नोंदी असतात त्यांना एनएपीटीआर म्हणतात. एका नोंदीत क्रम, पसंती, एक खूण, सेवेचं नाव आणि एक रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे नंबरावरून पत्ता तयार करायचा साचा. सेवा एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत, असेल तर उत्तरात एसआयपीचा पत्ता मिळतो, ईमेल असेल तर ईमेलचा, वेब असेल तर संकेतस्थळाचा. एका नंबरावर अशा कितीही नोंदी. विचारणाऱ्याने त्याला जमेल ती सेवा उचलायची. म्हणजे लोकांनी पाठ केलेला नंबर तोच, पण त्यामागे काय जोडायचं हे ठरवणारा नंबर वापरणारा. ज्यांनी हे रचलं त्यांच्या मनात हीच गोष्ट होती, आणि मला ती अजूनही न्याय्य वाटते.

ईनमची पहिली आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज, २९१६, सप्टेंबर २००० मध्ये निघाली. त्याच दिवसांत, १ ऑक्टोबरला, आमच्या दूरसंचार खात्याचा कारभार भारत संचार निगमाकडे गेला. २००४ मध्ये ३७६१ आली, २०११ मध्ये ६११६, आणि आजही तीच चालते. ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी सेवा उघडली, जर्मनीने जानेवारी २००६ मध्ये. त्यानंतर मात्र गाडी पुढे सरकली नाही.

कारणं सांगतो. एक, नंबर खरोखर याच माणसाचा आहे हे तपासायचं कुणी, आणि त्याने नंबर सोडला की नोंद काढायची कुणी? डोमेन नाव तुम्ही विकत घेता, नंबर तसा नसतो. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर जमीन सरकारची आणि वहिवाट तुमची. दुसरं कारण पैशाचं. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात उतरला की उतरवून घेणारीला शुल्क मिळायचं. सार्वजनिक ईनममधून कॉल थेट इंटरनेटवरून गेला तर ते शुल्क बुडतं, मग कंपनी आपल्या ग्राहकाला अशी नोंद करायला का मदत करील? आपल्याकडे मोबाइलवर कॉल उतरवायचं शुल्क ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आलं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं. म्हणजे हे कारण उरलं नाही, पण तोवर लोक दुसरीकडे गेले होते. निरोपाच्या ॲपनी तोच नंबर घेतला आणि त्यामागची यादी आपापल्या सर्व्हरवर ठेवली. काम ईनमचंच, नंबर दिला की पत्ता मिळतो. फरक इतका की ती यादी कुणालाही विचारता येईल अशा डीएनएसमध्ये नाही, कंपनीच्या ताब्यात आहे. एका ॲपवरचा माणूस दुसऱ्या ॲपवरच्याला सहसा गाठू शकत नाही, याचं मूळ इथे आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता "कुणी वापरत नाही" याबद्दल. तुमच्या मोबाइलवरचा फोरजीचा आवाजी कॉल आयएमएस नावाच्या यंत्रणेतून जातो. तिथे फिरवलेल्या नंबराचा एसआयपी पत्ता काढायचा असला की कंपनीच्या आतल्या ईनम सर्व्हरला विचारायची तरतूद मानकातच आहे. कंपन्यांमधल्या खासगी जाळ्यासाठी जीएसएम संघटनेने वेगळं मूळ धरलं आहे, ई१६४ईनम डॉट नेट, आणि ते बाहेरच्या इंटरनेटवर तुम्हाला विचारता येत नाही. मोबाइल पोर्टेबिलिटी देशभर २० जानेवारी २०११ ला आली तेव्हापासून नुसते पहिले आकडे बघून कंपनी ओळखता येत नाही. यादी बघावीच लागते. हातात दिलेला नंबर आणि प्रत्यक्ष ठिकाण यांच्यामध्ये यादी लागणं, ही गरज वाढतच गेली. ईनम संपलं नाही, ते कंपन्यांच्या भिंतीआड गेलं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सामान्य ग्राहकाला +९१ चा आपला नंबर ई१६४.आर्पाखाली नोंदवून देणारी खिडकी नागपुरात नाही आणि देशात दुसरीकडेही नाही. पण तुमच्या तीन जागांपुरतं स्वतःचं झाड लावायला कुणाची परवानगी लागत नाही. हवं असेल तर सांगतो.

कळमना_अडत:

काका, हवंच आहे. फायबरचा अर्ज आज दिला, नंबर तोच ठेवण्याबद्दल ठळक लिहून दिलं. आता स्वतःचं झाड म्हणजे नेमकं काय आणि त्याचा मला उपयोग काय, ते समजावून सांगा. पुतण्या म्हणतो, तीन फोनसाठी ॲस्टेरिस्कमध्ये थेट लिहून टाकलं तरी चालतं.

निवृत्त_ट्रंक:

आज पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे. तीन फोन एका सर्व्हरवर असतील तर ईनमची गरज नाही. पण वरुडच्या शेडला बहाराच्या दिवसांत इंटरनेट तुटलं तरी तिथले फोन आपसात चालावेत म्हणून तुम्ही उद्या तिथे वेगळा सर्व्हर ठेवाल. इतवारीतही ठेवाल. मग एक फोन हलला की प्रत्येक सर्व्हरवर जाऊन बदल करायचा, आणि एक जागा राहून गेली की कॉल चुकीकडे. झाड असेल तर एकच नोंद बदलायची, सगळे सर्व्हर तिथेच विचारतात.

तुमच्या डोमेनखाली ईनम नावाची एक उपशाखा काढा. ई१६४.आर्पाच्या जागी ती. गाळ्याचा नंबर उलटा करून तिच्याखाली नाव तयार होईल, आणि त्यावर एनएपीटीआर नोंदी. क्रमाचा आकडा सगळ्या नोंदींना सारखाच ठेवा, समजा १००. पसंतीने फरक करा: गाळ्याच्या आयपी फोनला १०, इतवारीला २०, वरुडला ३०. छोटा आकडा आधी बघितला जातो. खुणेच्या जागी "यू", सेवेच्या जागी "ई२यू अधिक एसआयपी", आणि पुढे तुमच्या सर्व्हरवरचा एसआयपी पत्ता. ॲस्टेरिस्कमध्ये ईनमलुकअप नावाचं फंक्शन आहे, त्याला शेवटचा भाग म्हणून तुमची उपशाखा सांगता येते. फक्त हे लक्षात ठेवा की डीएनएस यादी देतं, फोन उचलला की नाही हे त्याला कळत नाही. गाळ्यावर उचलला नाही तर पुढच्या पत्त्यावर जायचं काम पुतण्याने डायलप्लॅनमध्ये, म्हणजे ॲस्टेरिस्कच्या कॉल वळवायच्या नियमांत, लिहायला हवं.

नंबर विचारण्याआधी तो एकाच साच्यात आणा, बहुतेक घोळ इथेच होतात. कुणी ०७१२ लावून ठेवतो, कुणी +९१ ७१२, आणि गाळ्यावरचा माणूस नुसते शेवटचे सात आकडे दाबतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावा लागतो, तोही सवयीने यात शिरतो. ईनमच्या नावात शून्याचा तो उपसर्ग कधीच येत नाही. शून्य काढा, ९१ लावा, मग उलटवा.

नोंदीचा टिकायचा काळ, टीटीएल, ३०० सेकंद ठेवा. फोन हलवला तर पाच मिनिटांत सगळीकडे नवा पत्ता.

बाहेरून येणारा कॉल मात्र परवाना असलेल्या कंपनीच्या लाइनवरून किंवा तिच्याच एसआयपी ट्रंकवरूनच, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या तिच्या फोन लाइनवरूनच, आत घ्या, आणि ती लाइन आयपी फोनला जोडण्याबद्दल कंपनीकडून लेखी होकार घ्या. कुणी येऊन म्हणेल, बाहेरदेशातले कॉल तुमच्या सर्व्हरवर घेऊन इथल्या फोनवर उतरवून द्या, मिनिटामागे पैसे देतो. त्याला दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय ते करणं गुन्हा आहे.

मॅडम_हिंगणा_रोड:

मी इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्किंग शिकवते. काकांनी विदर्भाच्या कोडांचं झाड मांडलं ते उद्या वर्गात फळ्यावर काढणार आहे. मुलांना डीएनएसमधला कारभार सोपवणं यापेक्षा जवळच्या उदाहरणाने कळणार नाही.

एक मुद्दा राहिला. सार्वजनिक ईनम न रुजण्यात खासगीपणाची भीतीही होती. डोमेन नाव अंदाजाने शोधणं अवघड, पण नंबर म्हणजे नुसते आकडे. २.१.७.१.९ खाली २ ने सुरू होणारे सात आकडी नंबर दहा लाख. आणि सगळे विचारावेही लागत नाहीत. एखाद्या मधल्या फांदीला "असं नावच नाही" असं उत्तर आलं की तिच्याखालचं सगळं एकदम वगळता येतं. थोड्या वेळात आख्ख्या शहराच्या भरलेल्या नोंदी हाती लागतात, आणि त्यात एसआयपी पत्ते असले की रात्री-बेरात्री जाहिरातीचे कॉल. अडतवाल्यांनी स्वतःचं झाड उघड्यावर ठेवू नये असं मला वाटतं.

निवृत्त_ट्रंक:

मॅडम, अगदी योग्य वेळी लिहिलंत. ही भीती खरीच आहे आणि तिच्यामुळे मूळ कल्पना चुकीची ठरते असं मला वाटत नाही. नोंदीत काय लिहायचं याचं भान मात्र ठेवावं लागतं. माणसाचं नाव नोंदीत घालूच नये. "गाळा", "हिशेब", "शेड" असे कामाचे पत्ते द्यावेत. आणि त्या पत्त्यांमागे सर्व्हर असावा, माणसाचा फोन थेट नसावा.

अडतवाले भाऊ, तुमच्या बाबतीत तर बाहेरच्या कुणाला हे झाड दिसायचं कारणच नाही. तिन्ही जागा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, जोडा आणि त्या उपशाखेचं उत्तर फक्त आतल्या पत्त्यांनाच मिळेल असं डीएनएस सर्व्हरला सांगा. बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी व्ह्यू नावाची सोय असते.

परसोडी_नेटवर्क:

काका, आयएमएसमधलं ईनम मला माहीत नव्हतं. आम्ही कंपनीच्या ट्रंकपर्यंतच बघतो, आतलं दिसत नाही. तुमचं म्हणणं पटलं.

अडतवाल्यांसाठी एक भर. एका नंबरावर पाच-सहा एनएपीटीआर नोंदी झाल्या की उत्तर ५१२ बाइटच्या वर जाऊ शकतं. मधल्या राउटरमध्ये डीएनएससाठी फक्त यूडीपी (छोटी पाकिटं पाठवायची साधी पद्धत) उघडं असेल आणि मोठी पाकिटं अडत असतील तर कधी उत्तर येईल, कधी नाही, आणि पुतण्या दिवसभर ॲस्टेरिस्कमध्येच शोधत बसेल. डीएनएसच्या ५३ नंबरच्या पोर्टवर टीसीपी, म्हणजे मोठी उत्तरं तुकड्यांत नेणारी पद्धत, हीही उघडी ठेवायला सांगा.

कळमना_अडत:

सगळ्यांचे आभार. पुतण्याला हा धागा दाखवला. आता तो स्वतःच म्हणतो की दोन सर्व्हर होण्याआधीच झाड लावून टाकू. गाळ्याची नोंद आज रात्री बाजार उठल्यावर करतो, वरुडची शेडवर गेलो की. काका, मृग बहाराच्या वेळी शेडवर हंगामी दोन फोन वाढतात, त्यांच्या नोंदी याच नंबराखाली टाकू की वेगळ्या?

निवृत्त_ट्रंक:

हंगामी फोनना आतले छोटे नंबर द्या, तीन आकडी, आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या फांदीखाली ठेवा. गाळ्याच्या नंबराखाली फक्त कायमच्या तीन जागा राहू द्या. कास्तकाराचा कॉल त्या नंबरावर येतो, तिथे बहारागणिक बदल नकोत.